लाकूड कातायला सुरुवात करतोय: मोजायला नेमकं काय काय घ्यावं?

नवखा_लेथवाला
मंडळी, नुकताच एक छोटा लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) घेतलाय. हत्यारांचा प्रश्न सुटला. रफिंग गाऊज, स्पिंडल गाऊज (दोन्ही पन्हळी पटाश्या), पार्टिंग टूल (अरुंद खाच पाडणारं) आणि एक स्क्यू (तिरक्या धारेची पटाशी), एवढ्यावर सुरुवात करायची. अडलंय ते मोजमापाच्या साधनांपाशी. यादी करायला बसलो तर ती संपेचना: बाहेरचा कॅलिपर, आतला कॅलिपर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दुतोंडी कॅलिपर, व्हर्निअर (साधा की डिजिटल?), डिव्हायडर, खोली मोजायचा गेज, सेंटर काढायची पट्टी, साइझिंग टूल (ठरल्या व्यासाला कापणारं), काड्याकाड्यांचा प्रोफाइल गेज (आकार उतरवून घ्यायचा)... एका व्हिडिओतला बाबा म्हणतो डिजिटल व्हर्निअरशिवाय लेथला हात लावू नका, दुसरा म्हणतो लाकडाला व्हर्निअर लावणं हाच मुळात विनोद आहे.

तर पहिल्या दिवशी काय हवंच, काय नंतर घेतलं तरी चालेल आणि काय घेऊच नये? अचूकता किती लागते तेही सांगा. अर्धा मिमी? की त्याहून बारीक?

ढलपी
पेन्सिल.

चष्मिष्ट
आणि ती कानावर ठेवलेली आहे हे आठवणीत ठेवायला एक सहायक.

काटकोन
ढलपीचं उत्तर हसण्यावारी नेऊ नका, पेन्सिलीशिवाय लेथवर खरंच पान हलत नाही. मऊ, जाड शिशाची घ्या, फिरत्या लाकडावर कडक पेन्सिलीची रेघ उमटत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या मते पहिल्या दिवशी चार गोष्टी पुरतात: स्प्रिंगचा बाहेरचा कॅलिपर, १५० मिमीचा व्हर्निअर, ३०० मिमीची स्टीलची पट्टी आणि पेन्सिल. पट्टी घेताना शून्य अगदी कडेपासून सुरू होतंय ना ते बघा. कडेला मोकळी जागा सोडलेली पट्टी खोली मोजायला कुचकामी.

नवीन माणसाचा गोंधळ इथे होतो की कॅलिपर म्हणजे 'किती मिमी' हे सांगणारं यंत्र असं त्याला वाटतं. लेथवर नव्वद टक्के वेळा तुम्हाला आकडा नकोच असतो. 'हवं तेवढं झालं की नाही' एवढंच कळायला हवं असतं. व्हर्निअर आकडा वाचायला, स्प्रिंग कॅलिपर तो आकडा लाकडावर न्यायला. टेबलाच्या पायाला एका जागी ३२ मिमी व्यास हवाय. व्हर्निअरने कॅलिपर ३३ ला लावा (एक मिमी जास्त, कारण पुढे गाऊज फिरणार आणि मग पॉलिश पेपर). लाकूड गोल करून घेतलेलं आहे. पेन्सिलीच्या खुणेवर पार्टिंग टूल सरळ आत घाला, लेथ थांबवा, कॅलिपर खाचेवर टेकवा. अडतोय? अजून कापा. स्वतःच्या वजनाने अलगद खाली घसरला की तिथे थांबा. ढकलून बसवायचा नाही, स्प्रिंगचे पाय फाकतात आणि खोटं बोलतात. अशा खाचा सगळ्या खुणांवर पाडून घेतल्या की मग मधला आकार डोळ्यांनी काढायचा. खाचेचा तळ दिसतोय तोवर तुम्ही मापात आहात.

कॅलिपर एकापेक्षा दोन असलेले बरे. एक लावलेलं माप मोडून दुसरं लावायचं, पुन्हा पहिल्यावर यायचं, यातच सगळा घोळ होतो. आणि दुकानात पाय मिटवून बघा. टोकं समोरासमोर भेटत नसतील, एक पुढे एक मागे पडत असेल, तर तो नग ठेवून द्या.

शून्य_शून्य_एक
काटकोन यांच्या यादीला अनुमोदन, फक्त व्हर्निअर डिजिटलच घ्यावा अशी भर घालतो. कुठल्याही मापावर शून्य करता येतं, हा त्याचा खरा फायदा. नमुन्याच्या पायावर टेकवा, शून्य दाबा, आता तुमच्या पायावर टेकवा. थेट फरक दिसतो, वजाबाकी नाही. इंच-मिमीही एका बटणावर. ०.०१ मिमीपर्यंत वाचता येतं हे बोनस.

सागवानी
०.०१ मिमी! लाकडावर! पेपरने दोनदा जरा जोरात घासलं की तुमचे ते शंभरावे भाग भुशात जमा.

थोडं गणित करू. साग हे कमी हलणारं लाकूड म्हणून नावाजलेलं. तरी ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते वर्षवलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आणि आडव्या, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने साधारण २.५ टक्के आकसतं. लांबीत जवळपास काहीच नाही. म्हणजे ओल्या सागाच्या ओंडक्याच्या आडव्या कापातून १०० मिमीची बरोब्बर गोल थाळी केलीत, तर सुकल्यावर ती एका बाजूने ९४ च्या आसपास आणि दुसऱ्या बाजूने ९७ च्या वर. गोल राहिलीच नाही, तिचा व्यास ०.०१ मध्ये कुठल्या बाजूने सांगणार? सुकलेलं लाकूडही दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. म्हणून माझ्या मते पहिल्या खरेदीत व्हर्निअरच्या आधी ओलावा मोजायचा मीटर किंवा साधा वजनकाटा यावा. खडबडीत कातलेला वाडगा दर आठवड्याला तोला, वजन उतरायचं थांबलं की लाकूड तिथल्या हवेशी जुळलं. याहून भरवशाचं मोजमाप लेथवर दुसरं नाही.

शून्य_शून्य_एक
सागवानी, तुम्ही वाडगे करता म्हणून तुम्हाला असं वाटतं. डबीचं झाकण बसवताना ०.२ मिमीने खेळ बदलतो. ०.२ सैल असेल तर झाकण खुळखुळतं, तेवढंच घट्ट असेल तर डबीसकट उचललं जातं. ते सुकलेल्या लाकडात, एकाच बैठकीत करायचं काम आहे. तिथे वलयांचं आकसणं मध्ये आणून काय उपयोग?

सागवानी
एका बैठकीत केलेलं झाकण पावसाळ्यात उघडून दाखवा, मग बोलू. (ह.घ्या.)

पेनवाला
पेन करणाऱ्यांची बाजू कुणी मांडलीच नाही म्हणून लिहितो. बारीक पेनाची पितळी नळी ७ मिमीची असते आणि लाकूड तिच्यावर चिकटवलेलं असतं. दोन्ही टोकांना धातूचे बुश (मापाची कडी). लाकूड त्या बुशच्या व्यासाला आणायचं, कारण पुढे तिथे धातूची टोपी बसणार. पायरी राहिली तर बोटाला लगेच कळते. इथे ०.१ मिमीसुद्धा जाणवतं. माझ्याकडे डिजिटल आहे आणि मी तो रोज वापरतो. एक सूचना मात्र करतो: बुशवर भरवसा ठेवू नका. पेपर लागून लागून बुश झिजतात. पेनाचा जो भाग तिथे बसणार तोच मोजा आणि लाकूड त्याच्याशी जुळवा.

म्हणजे धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर 'तुम्ही काय करणार?' यावर आहे. ते त्यांनी सांगितलेलंच नाही.

भोवराभिंगरी
भोवरा करा. काही मोजावं लागत नाही. फिरला तर बरोबर, नाही फिरला तर शोभेची वस्तू.

भुसामामा
वर काटकोन यांनी 'लेथ थांबवा, कॅलिपर टेकवा' असं लिहिलंय ते पुस्तकी झालं. प्रत्यक्षात कुणी थांबवत नाही. उजव्या हातात पार्टिंग टूल, मूठ कोपराखाली दाबलेली, डाव्या हातात कॅलिपर, खाचेत टेकवून ठेवायचा, घसरला की झालं. दहा खाचांसाठी दहा वेळा लेथ थांबवायचा तर माणूस म्हातारा होईल.

ठाम_नकार
भुसामामा, नवख्याच्या धाग्यावर हे लिहू नये असं माझं स्पष्ट मत. कॅलिपर बनवणारे फिरत्या कामावर लावू नका असं लिहून देतात ते उगीच नव्हे. व्हर्निअरचे जबडे टोकदार, सरळ धारेचे असतात. गाठीत किंवा भेगेत अडकला की हातातून हिसकला जातो आणि कुठे जाईल ते त्याची मर्जी. हातही त्याच्याबरोबर खेचला जातो.

भुसामामा
मी व्हर्निअर म्हटलंच नाही. स्प्रिंग कॅलिपर म्हटलं.

ठाम_नकार
नवीन माणूस वाचताना 'कॅलिपर' एवढंच वाचतो.

काटकोन
दोघांचंही बरोबर आहे, पण ठाम_नकार यांचं आधी बरोबर आहे. अनुभवी लोक चालू लेथवर स्प्रिंग कॅलिपर लावतात हे खरंय, नाकारण्यात अर्थ नाही. पण ते कशाकशाच्या जोरावर लावतात ते बघा. कॅलिपरची टोकं कानशीने गोल करून पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेली असतात. लाकूड लेथच्या दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या अणींमध्ये) धरलेलं, पूर्ण गोल झालेलं, गाठ नाही, भेग नाही. माप बाहेरचंच, तेही अरुंद खाचेत. यातली एक अट जरी पुरी होत नसेल तरी लेथ थांबवायचा. चौकोनी लाकूड अजून गोल होतंय तेव्हा तर अजिबातच नाही, कोपरा कॅलिपरला उडवतो. आतला कॅलिपर फिरत्या भोकात कधीच घालायचा नाही. बाहेरचा निदान सुटून पडू शकतो, आतल्याला सुटायला जागाच नसते.

नवख्या मंडळींनी सरळ थांबवून मोजावं. म्हातारपण लेथ थांबवल्याने येत नाही.

भुसामामा
मान्य. टोकं गोल करायचं मी लिहायला हवं होतं असं म्हणाल, तर मला ते सगळे करतातच असं वाटलं.

जुगाडू
इतकं काही विकत घ्यायची गरजच काय? अर्धी साधनं कार्यशाळेत पडलेली असतात.

पाने! हो, नट-बोल्टचे उघड्या तोंडाचे पाने. १० चा, १३ चा, १९ चा पाना म्हणजे तयार गेज. खुर्चीच्या आडव्या दांडीच्या टोकाला १९ मिमीचं टेनन (गोल खुंटी) हवं असेल तर १९ चा पाना टेननवर सरकला की झालं. आकडा वाचायला नको, स्क्रू हलायची भीती नाही, पडला तरी बिघडत नाही. स्प्रिंग कॅलिपरचा नट लेथच्या थरथरीने हळूहळू सरकतो, पान्याचं तोंड सरकत नाही. फक्त पाना व्हर्निअरने एकदा तपासा, नटावर सहज बसावा म्हणून तोंड नावापेक्षा जरासं मोठं ठेवलेलं असतं.

चार सारखे पाय करायचे असतील तर फर्मा करा. प्लायची अरुंद पट्टी घ्या, पायाच्या लांबीएवढी. एका कडेवर प्रत्येक मण्याची (गोल फुगवट्याची), प्रत्येक खाचेची जागा मांडा आणि तिथे त्रिकोणी कानशीने बारीक खाच पाडा. त्याच पट्टीवर प्रत्येक खाचेपुढे तिथला व्यास लिहून ठेवा. आता गोल केलेल्या लाकडाला पट्टी टूल रेस्टवर (हत्यार टेकवायच्या आडव्या दांड्यावर) टेकवून धरा, लेथ हळू फिरू द्या, खाचेत पेन्सिलीचं टोक ठेवलं की रेघ आपोआप सगळीकडे. चारही पायांवर रेघा जिथल्या तिथे. मोजपट्टीने प्रत्येक पाय वेगळा मोजलात तर प्रत्येक पायावर वेगळी चूक होते. फर्म्यात चूक असलीच तर ती चारही पायांवर सारखी असते, आणि सारखी चूक कुणाला दिसत नाही.

खोलीसाठी: वाडग्याच्या कडांवर आडवी पट्टी, तिच्या मधोमध भोक, भोकात लाकडी काडी. झाला डेप्थ गेज.

चष्मिष्ट
"सारखी चूक कुणाला दिसत नाही." आमच्या ऑफिसात लावायला हवं.

मला डिजिटल आवडतो याचं कारण वेगळं आहे. साध्या व्हर्निअरच्या बारीक रेघांपैकी कुठली जुळली ते मला आता चष्मा लावूनही कळत नाही. शाळेत ९ मिमीचे १० भाग, लघुतम माप ०.१ मिमी, हे घोकलं होतं. तेव्हा वाटायचं हे आयुष्यात कधी लागणार. पिअर व्हर्निअर या फ्रेंच गृहस्थांनी १६३१ साली ही युक्ती मांडली, आणि जवळजवळ चारशे वर्षांनी मी लेथपाशी उभा राहून त्यांना दूषणं देतोय.

डिजिटलची तक्रार एकच. पडदा बंद केला तरी आतला भाग थोडी थोडी वीज खातच राहतो, निदान स्वस्तातल्या नगांत. नेमकं हवं तेव्हा बॅटरी बसलेली.

पेनवाला
त्याला उपाय तिसरा प्रकार, घड्याळाच्या तबकडीचा. बॅटरी नाही, काटा लांबूनही दिसतो. मात्र दात्यांच्या पट्टीत भुसा गेला की काटा अडखळतो, आणि लेथपाशी भुशाला काय तोटा! बॅटरी काढून ठेवायची सवय लावणं त्यापेक्षा सोपं.

नजरकैद
मी वेगळंच बोलणार आहे, दगड मारू नका. सुरुवातीला मोजण्यावर फार जीव टाकू नका. चार पाय टेबलाच्या चार कोपऱ्यांत उभे राहतात, एकमेकांपासून हातभर लांब. व्यासात एक मिमीचा फरक डोळ्याला कळत नाही. मण्याची उंची मात्र सगळ्यांत सारखी हवी, कारण आपली नजर चारही पायांवरून आडवी फिरते आणि एक मणी वर-खाली झाला तर लगेच बोचतो. म्हणजे लांबीच्या दिशेने काटेकोर, व्यासात सैल. आकाराची वळणंही तशीच. कोव्हचा (आत गेलेल्या गोल खोबणीचा) तळ किती मिमी आहे यापेक्षा ते वळण कुठे तुटल्यासारखं होतंय का हे आधी दिसतं.

मी पूर्ण झालेला पाय लेथच्या मागे, कामाच्या बरोबर समांतर, डोळ्यांसमोर टांगतो आणि दुसरा त्याच्याकडे बघत कापतो. प्रोफाइल गेज घेतला होता, त्या काड्यांनी मऊ लाकडावर ओरखडे तेवढे काढले.

शून्य_शून्य_एक
नजरकैद, पायांबाबत तुमचं पटलं. चकच्या (लाकूड जबड्यांत पकडणाऱ्या साधनाच्या) टेननबाबत नाही पटणार. तिथे नजर चालत नाही.

नजरकैद
तिथे नाहीच चालत. मी पायांपुरतंच बोललो.

वाडगेवाली
वाडग्याच्या जाडीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून. साधा बाहेरचा कॅलिपर इथे फसतो. वाडग्याची कड जाड आणि खालचं पोट पातळ असेल तर पोटावर लावलेला कॅलिपर कडेवरून बाहेर काढताना पाय फाकतात आणि माप जातं. दुतोंडी कॅलिपर यासाठीच असतो. एका तोंडात भिंत धरायची, दुसऱ्या तोंडात तेवढीच फट दिसते, ती बाहेरच्या बाहेर मोजायची. वाडगे करणार नसाल तर नका घेऊ. करणार असाल तर व्हर्निअरच्या आधी घ्या. आणि हो, हे माप लेथ थांबवूनच.

ओलं, फिक्या रंगाचं लाकूड अगदी पातळ करायचं असेल तर आत दिवा धरा. जिथे प्रकाश जास्त तिथे भिंत पातळ. ओलं लाकूड कातून सुकवायला ठेवायचं तर भिंत व्यासाच्या दहाव्या भागाएवढी ठेवा, २५० मिमीच्या वाडग्याला २५ मिमी. वाकडं झालं तरी पुन्हा गोल करण्याइतकं लाकूड उरतं.

नवखा_लेथवाला
बाप रे, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. पेनवाला म्हणाले ते खरं, काय करणार ते सांगायचं राहिलं. आधी एका स्टुलाचे चार पाय, मग झाकणाच्या डब्या. वाडगे सध्या नाहीत. डब्यांसाठी चक घ्यावा लागेल असं दिसतंय. त्यात आणखी प्रश्न: चकच्या टेननचा व्यास किती ठेवायचा? ५० मिमीचे जॉ (चकचे जबडे) म्हणजे ५० मिमीचं टेनन का?

काटकोन
साधारण तेवढंच, पण कारण समजून घ्या म्हणजे कुठल्याही चकला लागू पडेल. चारही जॉ मुळात एका अखंड कड्याचे, करवतीने चार तुकडे केलेले असतात. करवतीच्या पात्याएवढं लोखंड त्यात गेलेलं असतं. म्हणून जॉ पूर्ण मिटले की आतलं वर्तुळ बरोबर नसतं, तुकड्यांमध्ये पात्याएवढी फट सोडली की ते खरं गोल होतं. त्या स्थितीत आतला व्यास व्हर्निअरने मोजा, तोच तुमचा आदर्श व्यास. त्याहून एक-दोन मिमी जास्त चालतं. बरंच जास्त झालं तर प्रत्येक जॉ फक्त आपल्या दोन कोपऱ्यांनी लाकडात रुततो.

खोलीसुद्धा मोजा. टेनन चकच्या तळाला टेकता कामा नये. त्याच्या मागचा खांदा जॉच्या तोंडावर सपाट बसायला हवा, पकड तिथून येते. एकदा व्यास ठरला की प्लायच्या तुकड्यात तेवढी खाच पाडून भिंतीवर टांगा. पुन्हा कधी मोजायला नको.

जुगाडू
प्लायचा तुकडा! मी हेच सांगत होतो.

पेनवाला
चक घ्यायच्या आधी लेथच्या स्पिंडलचे (फिरणाऱ्या दांड्याचे) आटे मोजा, हे माप चुकलं तर चक चढणारच नाही. बाहेरचा व्यास व्हर्निअरने, आटे पट्टीने. २५.४ मिमीत आठ आटे आणि व्यास २५ च्या थोडा वर असेल तर एक इंच, आठ आट्यांचा. ३३ च्या जवळ व्यास आणि ३५ मिमीत दहा आटे असतील तर एम३३, साडेतीनचा (दोन आट्यांत साडेतीन मिमी). आट्यांचा बाहेरचा व्यास नावापेक्षा जरा कमीच भरतो, त्यामुळे ३२.८ दिसलं तर घाबरू नका. इथे व्हर्निअर लागतोच, सागवानी काहीही म्हणोत.

सागवानी
लोखंड मोजायला मी कधी नाही म्हटलं?

शून्य_शून्य_एक
डबीसाठी एक: आधी झाकण पोखरा, मग खालच्या भागाचा गळा त्याला जुळवा. झाकणाचा आतला व्यास व्हर्निअरच्या वरच्या छोट्या जबड्यांनी घ्या. थोडं हलवून जे सर्वांत मोठं माप येतं ते खरं. गळा त्याहून अर्धा मिमी जास्त ठेवून टोकाला किंचित निमुळता करा. झाकण दाबून लेथ हाताने फिरवलात की जिथे घासलं तिथे चकचकीत पट्टा उमटतो. पट्ट्यापासून पुढे खांद्यापर्यंत तेवढ्याच व्यासाला आणायचं, बारीक बारीक काप घेत, दर कापाला झाकण लावून बघत.

ढलपी
म्हणजे शेवटी मोजलं ते झाकणानेच.

शून्य_शून्य_एक
अर्धा मिमीपर्यंत मीच नेलं ना!

नवखा_लेथवाला
ठरलं तर. दोन स्प्रिंग कॅलिपर, डिजिटल व्हर्निअर, स्टीलची पट्टी, आणि फर्मा घरीच. दुतोंडी आणि साइझिंग टूल सध्या नाही. एकच राहिलं: चकसाठी खाच करायची तर लाकडाच्या तोंडावर वर्तुळ आखायला कंपासपेटीतला डिव्हायडर चालेल का?

वाडगेवाली
नको, त्याचा सांधा सैल असतो आणि फिरत्या लाकडावर टेकवला की पाय फाकतात. स्क्रूने घट्ट होणारा, जाड पायांचा घ्या. वापरायची पद्धतही लक्षात ठेवा: टूल रेस्ट जवळ घ्या, डिव्हायडर त्यावर आडवा टेकवा, वेग कमी. फक्त डावं टोक लाकडाला लावायचं. उजवं टोक लाकडाला लागू द्यायचं नाही, कारण मधल्या बिंदूच्या उजवीकडे लाकूड वर जात असतं आणि ते टोकाला उचलून फेकतं. डाव्या टोकाने उमटलेलं वर्तुळ उजव्या टोकाच्या बरोबर समोरून जातंय का ते नुसतं बघा. नसेल तर डावं टोक जरा इकडे तिकडे सरकवा, जुळेपर्यंत.